पाण्यावर राहिलेला तुकडा

८ सप्टेंबर २००३

हिलके,

बारा वर्षांनी तुला पत्र लिहायला बसले आणि मायन्यापाशीच अडले. ‘प्रिय’ लिहिलं तर तू नाक मुरडशील, नाही लिहिलं तर म्हणशील की म्हातारी झाली तरी ताठा गेला नाही. म्हणून नुसतं हिलके. धाकट्या बहिणीला तेवढं पुरे.

माझं ठीक चाललंय. मागच्या वर्षी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाले. एक्केचाळीस वर्षं माणसांच्या आतल्या वस्तूंचे पातळ काप काढले, आता पावाचे काढते आणि तेही जाड होतात. निरोपाच्या दिवशी त्यांनी मला एक जुना मायक्रोस्कोप दिला, तो विमच्या खुर्चीवर ठेवलाय. विमला जाऊन तीन वर्षं झाली. तुझं कार्ड तेव्हा मिळालं होतं, छापील मजकूर आणि खाली तुझं नाव. मी उत्तर दिलं नाही, ते चुकलंच.

आता कामाचं. सोबत एक फॉर्म आहे. तळाशी पेन्सिलीनं फुली केली आहे, तिथे सही कर. तिकीट लावलेलं पाकीटही घातलंय. भानगड काहीच नाही. १९७७ साली तुझ्या गर्भाशयाच्या अस्तराची खरवड काढली होती, ती मेणाच्या ठोकळ्यात घालून ठेवलेली अजून रुग्णालयाच्या तळघरात आहे. असले ठोकळे आम्ही लवकर टाकत नाही. माझ्या योरिनच्या डॉक्टरांना तो पुन्हा तपासायचा आहे, आणि वस्तू तुझ्या शरीरातली, तेव्हा परवानगीही तुझीच लागते. निव्वळ कागदी घोडे.

योरिनची तब्येत उत्तम आहे. चौतिसाची झाली. पहिली-दुसरीच्या पोरांना शिकवते, बास आणि ती अजून त्या कालव्याकाठच्या घरातच राहतात. २३ ऑक्टोबरला, गुरुवारी, तिचं ऑपरेशन आहे. गर्भाशय काढणार आहेत. घाबरू नकोस, तिला काही झालेलं नाही. होऊ नये म्हणून काढायचं आहे. आपल्या घराण्यात आहे ना ते, म्हणून.

सही जरा लवकर केलीस तर बरं होईल.

रेनस्के


२१ सप्टेंबर २००३

हिलके,

माझं पाकीट परत आलं. माझंच तिकीट, माझ्याच अक्षरातला माझा पत्ता, आणि आत फॉर्म कोरा. वर तुझी एक ओळ, ‘जे काढून टाकलं ते गेलं, आता त्यात कोणी डोकावायचं नाही.’ खाली योरिनला शुभेच्छा. वाचून आधी मला रागच आला. आमेलँड बेटावरच्या वाऱ्यात राहून माणूस इतका कोरडा कसा होतो, असं मी रिकाम्या घरात मोठ्यानं म्हटलं.

दोन दिवसांनी राग उतरला. तुझं काय चुकलं? मी लिहिलं काय, तर भानगड काहीच नाही. लहानपणीही मी ‘काही नाही गं’ म्हटलं की तू सरळ माझ्या पलंगाखाली वाकून बघायचीस.

तर जरा नीट सांगते. गेल्या रविवारी योरिन आली होती. मी कॉफी ओतली, डब्यातून एकेक बिस्कीट काढलं आणि झाकण लावलं.

“आई, आज दोन दे,” ती म्हणाली.

मी डबाच पुढे सरकवला. तिनं घेतलं मात्र एकही नाही.

“मावशीनं सही नाही केली ना?”

“करेल. वारा असला की बोट अडकते, टपाल उशिरा निघतं.”

“नको तिच्या मागे लागूस. तिला पुन्हा त्या सगळ्यात कशाला ओढायचं? माझं ठरलंय.”

“अगं पण त्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या ना, दरवर्षी तपासणी केली तरी चालेल म्हणून. तुझ्या रक्तात तर तो घराण्यातला दोष सापडलाही नाही.”

“न सापडणं म्हणजे नसणं नव्हे, असंही त्याच म्हणाल्या. मावशी एकतीस वर्षांची होती, आई. मी चौतीस. मी तीन वर्षं फुकटात काढली आहेत.”

“आणि मूल?”

“आलं का ते एकदाचं? मी वाटच बघत होते. तुला नातवंड हवंय म्हणून मी रोज सकाळी पोटावर हात ठेवून घाबरत उठू?”

“मी माझ्यासाठी नाही म्हणत.”

“मग कोणासाठी?”

बासला काय वाटतं, असं विचारलं, तर म्हणाली, “बासला मी जिवंत हवी आहे. एवढंच म्हणतो, आणि परसात जाऊन सायकल पुसत बसतो. आमच्या गल्लीत इतकी चकचकीत सायकल कोणाची नाही.” हे सांगताना ती हसली, आणि हसता हसता तिला रडू आलं. गेल्या वर्षी त्यांनी मागच्या छोट्या खोलीला पिवळा रंग दिला होता. आता तिथे इस्त्रीचं टेबल आहे.

घराण्याचा नकाशा काढतात तो तू पाहिला नसशील. बायकांना गोल, पुरुषांना चौकोन, आणि ज्याला कर्करोग झाला त्याची आकृती काळी. आपल्या नकाशात तीन काळ्या आहेत. आई, डेर्कमामा आणि तू. आई एकाहत्तर वर्षांची होती, डेर्कमामा सहासष्ट, दोघांनाही आतड्याचा. त्या वयात तो कोणालाही होतो, तेवढ्यावरून कोणी घराण्याला नाव ठेवत नाही. पण तू एकतीस, आणि तुझा गर्भाशयाचा. आतड्याचा आणि गर्भाशयाचा कधी कधी घराण्यातल्या एकाच दोषातून येतात. तुझा गोल काळा आहे म्हणून उरलेल्या दोघांचा अर्थ बदलतो. तो काळा नसता तर योरिनला त्या बाई ‘जा घरी’ म्हणाल्या असत्या. हे तुला कळलं पाहिजे, म्हणून एवढं लिहिलं.

आणि योरिनला हे सगळं इतकं कळतं, याला मीच कारण. तुला आठवत असेल, ती सात-आठ वर्षांची असताना मी प्रयोगशाळेतल्या बाद झालेल्या काचपट्ट्या आणि एक उसना मायक्रोस्कोप घरी आणायचे. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिची शाळा चालायची. शरीराच्या आत-बाहेर जिथे जिथे पृष्ठभाग आहे तिथे पेशींचं एक अस्तर असतं, पुस्तकात त्याला अभिस्तर म्हणतात, आम्ही अस्तरच म्हणायचो. काच बघायची आणि हे कुठलं अस्तर ते ओळखायचं. फुफ्फुसातल्या हवेच्या फुग्यांना सपाट पेशींचा एकच थर, इतका पातळ की हवा पलीकडे रक्तात जावी. मूत्रपिंडाच्या नळ्यांना चौकोनी, गोळा करणाऱ्या आणि परत देणाऱ्या. आतड्याला उंच खांबासारख्या, अन्न शोषणाऱ्या, आणि त्यांच्यामध्ये पेल्याच्या आकाराच्या, चिकट रस गाळणाऱ्या. श्वासनळीतल्यांना केस, धूळ वर ढकलायला. त्यावर तू एकदा सिगारेट विझवत म्हणाली होतीस, “माझ्या केसांनी कधीच संप केला असेल.” मी म्हटलं होतं, संप नाही, टक्कल. तिथे मग कातडीसारखे सपाट थर येतात. मार सोसतात, पण झाडू मारत नाहीत.

कातडीचे आणि घशाचे ते थरावर थर, वरचे झिजायचे आणि खालून नवे यायचे. मूत्राशयाच्या फुगीर पेशी, भरलं की ताणून चपट्या होणाऱ्या, त्या योरिनला फार आवडायच्या. “आई, या दम धरून बसल्यात,” म्हणायची. आणि एक गोष्ट तिनं मला विचारली होती, की या अस्तरात रक्त का दिसत नाही? नसतंच. अस्तराला स्वतःची रक्तवाहिनी नसते. खालच्या थरातून जे झिरपेल त्यावर ते जगतं.

सही कर, हिलके. माझ्यासाठी नको. आणि मी इतकी मागे का लागले आहे, ते आत्ता विचारू नकोस.

रेनस्के


५ ऑक्टोबर २००३

हिलके,

तू फोन उचलत नाहीस. काल नऊ वेळा वाजवला. तू तुझ्या हॉटेलातल्या चादरी वाळत घालत असशील आणि तो वाजताना ऐकत असशील, हे मला इथून दिसतं.

अठरा दिवस उरले. जे सांगायचं ते आधी तुला, मग बाकीच्यांना, हा क्रम मी सव्वीस वर्षं मनात लावून ठेवला आहे. सुरुवात मात्र एकदाही केली नाही. मी काही बोलले तर योरिनला वाटेल नातवंडासाठी खोटं रचतेय, आणि डॉक्टर म्हणतील पुरावा आणा. पुरावा त्या ठोकळ्यात आहे. पण त्यांच्याआधी ही गोष्ट तुझी आहे.

तुला कर्करोग नव्हता.

हे वाक्य लिहून मी उठले, भांडी घासली, परत येऊन बसले. वाक्य तिथेच आहे.

शुक्रवार, ४ मार्च १९७७. तुझ्या खरवडीचा ठोकळा आमच्याकडे आला होता. आमच्याकडे एक नियम होता. नात्यातल्या माणसाचं काही आलं तर त्यावर गुलाबी चिठ्ठी लावायची आणि ते दुसऱ्या टेबलावर द्यायचं. आपल्या माणसाला आपण हात लावायचा नाही. मी चिठ्ठी लावली आणि ठोकळा माझ्या शेजारी काम करणाऱ्या कोबीच्या टेबलावर ठेवला. पण कोबीचा त्या दिवशी वाढदिवस. तिनं सफरचंदाचा केक आणलेला, सगळ्या जणी कॉफीच्या खोलीत जमल्या. आमच्या मुख्य ब्रुखमानबाई म्हणाल्या, “रेनस्के, ते सोमवारी होईल. ये, गाणं म्हणायचं थांबलंय तुझ्यासाठी.”

सोमवारी कापायचं, म्हणजे अहवाल बुधवारी. पाच दिवस तू आणि मेनो त्या छोट्या घरात एकमेकांकडे बघत बसणार. आदल्या संध्याकाळी तू मला विचारलं होतंस, “तुला तर आतलं सगळं माहीत असतं, जरा लवकर नाही का करता येणार?” मी त्यांना म्हटलं, तुम्ही सुरू करा, मी आलेच. आणि तुझा ठोकळा घेऊन बसले. मी तुझं भलं करायला बसले होते. हे मी सुटका करून घ्यायला सांगत नाही, तसं होतं म्हणून सांगते.

ठोकळ्याचे काप इतके पातळ असतात की फुंकरीनं उडतील. ते कोमट पाण्याच्या तसराळ्यात सोडायचे. पाण्यावर सुरकुत्या जाऊन ते पसरतात, मग खालून काचपट्टी घालून अलगद उचलायचे. एका रोग्याचं काम झालं की टीपकागदाची पट्टी पाण्यावरून फिरवायची, मगच पुढचा ठोकळा घ्यायचा. नाहीतर आधीच्याचा एखादा कण पाण्यावर राहतो आणि पुढच्याच्या काचेवर जाऊन बसतो. हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. पुढे मी नव्या मुलींना शिकवायचे तेव्हा पट्टी विसरणारीच्या बोटांवर टपली मारायचे.

त्या दिवशी पट्टी फिरवली की नाही ते आठवत नाही, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. आठवतं. फिरवली नाही. पलीकडे गाणं सुरू झालं होतं आणि मला घाई होती. तुझ्याआधी मी एका माणसाच्या मोठ्या आतड्यातली गाठ कापली होती.

सोमवारी डॉ. होमान यांनी काच पाहिली आणि लिहिलं, ग्रंथींचा कर्करोग. गर्भाशयाच्या अस्तरातही उंच पेशींच्या ग्रंथी असतात, आतड्यातही असतात, आणि बिघडलेल्या असल्या की बहिणीबहिणींसारख्या दिसतात. दहा दिवसांनी, १७ तारखेला, तुझं ऑपरेशन झालं. तीन आठवड्यांनी अहवाल आला, काढलेल्या गर्भाशयात कर्करोगाचा मागमूस नाही. होमान तुला म्हणाले, नशीबवान आहात, खरवडीतच सगळं निघून गेलं. तू मला केक आणून दिलास.

तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. तीन आठवड्यांनी, म्हणजे तुझं सगळं होऊन गेल्यावर, मी ती पहिली काच काढून पाहिली. कडेला एक तुकडा होता, तांदळाच्या कणीएवढाही नाही. बाकीचं स्पष्ट दिसे तेव्हा तो धूसर, त्याला स्पष्ट करावं तर बाकीचं धूसर. म्हणजे तो त्यांच्यातला नव्हता, त्यांच्यावर बसलेला होता. आणि त्यात त्या पेल्याच्या आकाराच्या पेशी होत्या. चिकट रस गाळणाऱ्या, आतडं बुळबुळीत ठेवणाऱ्या. तुझ्या गर्भाशयात त्यांचं काय काम? मी तुझ्या ठोकळ्याचे आणखी पाच काप काढले. एकातही काही नव्हतं, नुसतं नीटस, निरोगी अस्तर. महिन्यातून एकदा गळून जाणारं आणि पुन्हा उगवणारं असं ते शरीरातलं एकच, आणि ते मूल ठेवून घ्यायला तयार झालेलं होतं.

ते पाच काप मी कचऱ्यात टाकले आणि तोंड मिटून बसले. सांगून काही परत येणार नव्हतं, अशी स्वतःची समजूत घातली. मग तुझं दुःख बघवेना, म्हणून स्वेटर विणून पाठवले, मुरंबे पाठवले, मेनो सोडून गेल्यावर दर उन्हाळ्यात सहा सहा आठवडे योरिनला बेटावर पाठवलं. आईला दफनभूमीत पोहोचवून आल्यावर, लोक कॉफीचे कप घेऊन उभे असताना तू मला म्हणालीस, “मी काय तुझी पापं टाकायची पेटी आहे का? तुझी पोरगी उसनी नको मला.” तुला काहीच माहीत नव्हतं, आणि तरी तू बरोबर तिथेच बोट ठेवलंस. म्हणून मी इतकी भडकले. म्हणून बारा वर्षं.

फॉर्म पुन्हा पाठवतेय. शिव्या दे, दार लावून घे, काहीही कर, पण सही कर.

रेनस्के


१४ ऑक्टोबर २००३

हिलके,

काल सही मिळाली. आज सकाळी मी स्वतः जाऊन फॉर्म डॉक्टरीणबाईंच्या हातात दिला आणि सगळं सांगितलं. ठोकळ्याचा नंबर मी न बघता सांगितला, तेव्हा त्यांनी लिहिणं थांबवून माझ्याकडे पाहिलं. एक तरुण डॉक्टर आहे, तो ठोकळ्याचे नवे काप काढेल, आणि जुन्या काचेवरचा तो तुकडा खरवडून तो तुझा आहे की दुसऱ्याचा ते तपासून घेईल. दोन आठवडे लागतील. २३ तारखेचं पुढे ढकला, असं त्या योरिनला सांगणार होत्या. मी म्हटलं, आधी मला सांगू द्या.

शाळा सुटायच्या वेळी गेले. पोरं गेल्यावर योरिननं मला त्या बुटक्या खुर्चीवर बसवलं. गुडघे हनुवटीला लागत होते. अशा अवस्थेत मी सगळं सांगितलं, तुला लिहिलं तेवढं. ती उभी राहून फळा पुसत होती. पुसून झाला तरी पुसतच राहिली.

“मावशीला माहीत आहे?”

“तिला आधी सांगितलं.”

“बरं केलंस.” मग म्हणाली, “आणि मला दर उन्हाळ्यात तिकडे पाठवायचीस, ते यासाठी?”

“हो.”

“मला वाटायचं तुला माझा कंटाळा येतो.”

मी म्हटलं, तसं नव्हतं. ती म्हणाली, “ते आता कळलं. पण मी तेव्हा आठ वर्षांची होते.”

मग तिनं खिडक्या लावल्या, माझा कोट आणून दिला आणि म्हणाली, “घरी जा, आई. सव्वाचारची बस मिळेल तुला.” दाराशी मी तिला जवळ घ्यायला गेले तर तिनं घेऊ दिलं. हात मात्र तिचे खालीच होते.

तुझ्या चिठ्ठीबद्दल. तू लिहिलंस, ‘सही योरिनसाठी केली. मला एकच सांग, तुला नक्की कधी कळलं? पत्रात “तीन आठवड्यांनी” दोनदा आलंय. तू खरं बोलतेस तेव्हा एकदाच सांगतेस.’

त्याचं सवडीनं लिहिते. आज थकले आहे.

रेनस्के


३० ऑक्टोबर २००३

प्रिय हिलके,

निकाल आला. नव्या कापांत काही नाही. जुन्या काचेवरचा तुकडा तुझा नाही, एका पुरुषाचा आहे. डॉक्टरीणबाईंनी योरिनला बोलावून नकाशा पुढे ठेवला आणि तुझ्या गोलातला काळा रंग काढून टाकला. बास सोबत होता. त्यानंच मला फोन करून सांगितलं, योरिन अजून करत नाही. ऑपरेशन रद्द झालंय. तिनं पन्नाशीनंतर आतड्याची तपासणी करत राहायची, इतर कोणीही करावी तशी, बस्स. शेवटी बास म्हणाला की इस्त्रीचं टेबल वर माळ्यावर नेलंय.

शरदाच्या सुट्टीत योरिन तुझ्याकडे चार दिवस राहून गेली, हेही त्याच्याकडूनच कळलं. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, थोडं झोंबलंही.

रुग्णालयातून तुला रीतसर पत्र येईल. माफी असेल, आणि तक्रार कुठे करायची ते असेल. कर. माझं नाव पूर्ण लिही, नेमणुकीचं साल १९६१. मी काही नाकारणार नाही.

आता तुझा प्रश्न. योरिन सुटली. सही होऊन गेली, ती आता मागे घेता येत नाही. मी आधी लिहिलं तेच पुन्हा लिहिलं तर कोणाचं काही बिघडणार नाही आणि तपासायला कोणी उरलेलं नाही. होमान गेले, ब्रुखमानबाई गेल्या, कोबीला माणसं ओळखू येत नाहीत. पंधरा दिवस मी याच विचारात काढले. चार वेळा ‘तीन आठवड्यांनी’ असं लिहिलं आणि कागद फाडला.

मंगळवारी कळलं. १५ मार्चच्या मंगळवारी.

त्या आदल्या आठवड्यात मला झोप लागत नव्हती, कारण नियम मोडून मी तुझे काप काढले होते आणि पट्टी फिरवली नव्हती हे मला माहीत होतं. त्या दुपारी सगळ्या कॉफीला गेल्यावर मी काच काढली. तो धूसर तुकडा, त्या पेल्यासारख्या पेशी, सगळं तेव्हाच पाहिलं. ते पाच कापही त्याच दुपारी काढले. मला शंका नव्हती, हिलके. शंका होती असं म्हणायला मला फार आवडलं असतं.

मी ती काच घेऊन होमान यांच्या दारापर्यंत गेले. आत ते फोनवर कोणाशी तरी हसत होते. ते आम्हाला नेहमी सांगायचे, कापणं तुमचं, वाचणं आमचं. मी दाराबाहेर उभी राहून हिशेब केला. विमला काम नव्हतं, घर माझ्या पगारावर होतं, आणि गुलाबी चिठ्ठीचा ठोकळा मी उचललेला होता, म्हणजे त्याच दिवशी घरी. मग मनात आलं, मी कोण मोठी लागून गेले? चूक माझीच असेल, आणि मी थांबवलं आणि तू मेलीस तर? हे शेवटचं कारण मला सगळ्यांत सोयीचं वाटलं. मी परत आले आणि काच तिच्या खाचेत ठेवून दिली.

बुधवारी संध्याकाळी मी द्राक्षं घेऊन तुला वॉर्डात भेटायला आले. तू पलंगावर बसून केसांची वेणी घालत होतीस. तू म्हणालीस, “रेनस्के, तू तिथे आहेस ना, म्हणून मला धीर आहे.” मी तुझ्या हातातून वेणी घेतली आणि उरलेली मी घातली. तेव्हा तुझ्या ऑपरेशनला पंधरा तास होते.

रेनस्के